न्यायाधीश घडतो कसा?

महाराष्ट्रांत न्यायाची गोष्ट निघाली म्हणजे रामशास्त्री प्रभुणे यांचें नांव सहजच ओठांवर येतें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्या कृत्याचा दोष सत्ताधीश राघोबादादांच्या पदरीं घालून, याला देहान्तावांचून दुसरें प्रायश्चित्त नाहीं, असें शास्त्रीबोवांनीं तोंडावर सांगितलें आणि पुणें सोडलें. ही हकीकत ग्रँट डफनें आपल्या इतिहासांत नमूद केली आहे आणि शाळेंतल्या मुलांनाहि ती तोंडपाठ असते. परंतु तिचा जो अर्थ लोक लावतात, तो अपुरा आहे. निःस्पृह न्यायाधीश हा जन्मास यावा लागतो, तो कोणास घडवितां येत नाहीं, अशी समजूत या कथेवरून रूढ झाली. प्रत्यक्ष रामशास्त्र्यांचें चरित्र मात्र निराळेंच सांगतें. लहानपणीं विद्या न झालेला हा माहुलीचा मुलगा सातारच्या एका सावकाराच्या घरीं चाकरीस होता. तेथें एक शब्द वर्मीं लागला, तेव्हां तो काशीस गेला आणि कित्येक वर्षें अध्ययन करून शास्त्री होऊनच परतला, अशी आख्यायिका आहे. पुढें पुण्याच्या न्यायखात्यांत शास्त्री म्हणून काम केल्यावर मग मुख्य न्यायाधीशाचें पद त्यांच्याकडे आलें. आधीं अध्ययन, मग उमेदवारी आणि शेवटीं अधिकार, असा हा क्रम होता.

न्यायासनावर बसणाऱ्यास विद्या लागते; लाचेकडे पाहावें लागूं नये इतकें वेतन लागतें; आणि त्याच्या कामावर कोणाची तरी जाणती नजर लागते. या तीन गोष्टी एकत्र नांदल्या तेव्हां न्याय टिकला; त्यांतील एक जरी सुटली, तरी गरिबाच्या घराचा वासा मोडला. गेल्या अडीचशे वर्षांतील हिंदुस्थानच्या, आणि त्यांतहि आपल्या मुलखाच्या, न्यायव्यवस्थेचा इतिहास हेंच सांगतो.

न्यायाधीशाच्या लोभाची भीति आपल्याकडे नवी नाहीं. जो सभासद प्रेमानें, लोभानें अथवा भयानें शास्त्राविरुद्ध निर्णय देईल, त्याला हरणाऱ्या पक्षाच्या दुप्पट दंड करावा, असा दंडक याज्ञवल्क्यस्मृतींत आहे. आणि त्याच स्मृतीवर चालुक्यांच्या कल्याण नगरींत विज्ञानेश्वरानें मिताक्षरा ही टीका लिहिली. पेशवाईंत तंट्याचा निकाल बहुधा पंचायतीनें होई. वादी-प्रतिवादी राजीनामा लिहून देत, म्हणजे पंचांचा निवाडा मान्य करूं असें कबूल करीत. जामीन देत, तकरीरी लिहीत आणि निवाडपत्र घेऊन जात. जिंकणारा सरकारांत हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी भरी. वकील हा शब्द तेव्हां दरबारच्या प्रतिनिधीस लावीत. कचेरींत दुसऱ्याची बाजू मांडून पोट भरणारा निराळा वर्ग नव्हता. पंच विनावेतन बसत. गांवची माणसें, जमीन आणि वहिवाट त्यांस ठाऊक असे, हा त्यांचा गुण होता. परंतु पंच जमण्यास महिनेच्या महिने लागत, बड्या असामीचें वजन पडे, आणि निवाडा अंमलांत येणें पुष्कळदां कमाविसदाराच्या मर्जीवर राही. पंचाला कोणी शिकवीत नसे, आणि त्यानें चूक केल्यास ती नियमानें दुरुस्त करण्याची सोयहि फारशी नव्हती.

इंग्रजांनीं बंगाल्यांत आपली न्यायालयें बसविलीं, तेव्हां त्यांच्यापुढें अडचण निराळी होती. कायदा हिंदूंचा अथवा मुसलमानांचा, आणि न्यायाधीश विलायतेहून आलेला! त्यास शास्त्र सांगणारे पंडित व मौलवी लागत. आणि त्यांचें मत पैशानें फिरविलें गेल्यास साहेबास पत्ताहि लागत नसे. या गरजेंतून वॉरन हेस्टिंग्जनें कलकत्त्याचा मदरसा काढला आणि बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन यानें १७९१ सालीं तेथें संस्कृत पाठशाळा स्थापली. हाच डंकन पुढें १७९५ पासून १८११ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. या संस्थांचें एक प्रधान कार्य न्यायालयांस लायक माणसें पुरविण्याचें होतें. कॉर्नवॉलिसनें १७९३ सालीं वकिलांसाठीं नियम केला. सनदेवांचून वकिली बंद केली, मेहनताना ठरवून दिला आणि या दोन पाठशाळांतून शिकलेल्यांस पसंती द्यावी असें ठरविलें. वसुली करणारा हात आणि न्याय करणारा हात निराळे असावेत म्हणून त्यानें कलेक्टराकडून दिवाणी न्याय काढून घेतला, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार वाढविले.

पण याच व्यवस्थेंत एक मोठी खोट होती. साहेबाच्या प्रामाणिकपणासाठीं पगाराची तजवीज झाली. खालच्या एतद्देशीय कमिशनरास मात्र पगार नाहींच, दाव्याच्या रकमेवर रुपयामागें एक आणा! दावे जितके अधिक, तितकी त्याची प्राप्ति अधिक. असा न्यायाधीश तंटे मिटविण्याची उत्कंठा धरील ही अपेक्षाच व्यर्थ होती. आणि वर पुन्हा एतद्देशीय मनुष्य उच्च पदास अपात्र, असा शिक्काहि मारण्यांत आला. ज्यास वेतन दिलें नाहीं, शिक्षण दिलें नाहीं, बढतीची आशा दिली नाहीं, त्याच्या अंगीं सचोटी नाहीं म्हणून बोट दाखविणें, हा न्याय नव्हे.

पेशवाई १८१८ सालीं बुडाली आणि दक्षिणचा कमिशनर म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आला. जिंकलेल्या मुलखाविषयीं त्यानें जो अहवाल लिहिला, त्यांत पंचायतीचे गुण आणि दोष दोन्ही मोकळेपणानें नमूद केले, आणि होतां होईल तों जुनी पद्धति मोडूं नये असें सुचविलें. १८२१ सालीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत दक्षिणेच्या पैशांतून संस्कृत पाठशाळा निघाली. तींत धर्मशास्त्राचेंहि अध्यापन होई. १८२७ सालीं मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र करून प्रसिद्ध झाले. त्यांत जिल्हा न्यायाधीश, त्याच्या हाताखालचे एतद्देशीय कमिशनर, वकिलांच्या सनदा व मेहनताना, या सर्वांची व्यवस्था होती. पंचायतीला जागा ठेवली होती, पण लोकांनीं हळूहळू अदालतीचा रस्ता धरला. कारण पंचाच्या निवाड्यामागें जें सरकारी बळ नव्हतें, तें अदालतीच्या हुकूमनाम्यामागें होतें. अदालतींतले शास्त्री आणि काजी हे सल्लागार १८६४ च्या कायद्यानें बंद झाले. तेव्हांपासून न्यायाधीशास कायदा ठाऊक आहे, असें गृहीत धरूं लागले. मग तो त्यास शिकविणें भागच होतें.

हें काम मुंबईंत आधींच सुरू झालें होतें. सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी हे स्वतः तरुणांस कायद्याचीं व्याख्यानें देत. ते १८५२ सालीं निवृत्त झाले, तेव्हां मुंबईकरांनीं वर्गणी जमवून त्यांच्या नांवानें कायद्याचें अध्यापकपद स्थापलें, आणि १८५५ सालीं सरकारी कायदेशाळा निघाली. विद्यापीठ १८५७ त आलें, उच्च न्यायालय १८६२ त आलें, आणि १८६६ सालीं महादेव गोविंद रानडे एलएल. बी. झाले. मुंबई दिवाणी न्यायालयांचा कायदा १८६९ सालीं झाला. त्यानें दुय्यम न्यायाधीशाच्या नेमणुकीस पदवी, परीक्षा किंवा वकिलीचा अनुभव, अशी पात्रता घातली. ओळखीपाळखीनें मुन्सफी मिळण्याचे दिवस सरत आले.

येथें कोणास वाटेल कीं आतां सर्व सुरळीत झालें असेल. पण झालें उलटेंच. १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं कुणब्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा रोख दागदागिन्यांपेक्षां खतांवर आणि वह्यांवर होता. त्या बाहेर काढून त्यांनीं जाळल्या. तें लोण पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरलें. चौकशीस कमिशन बसलें, आणि त्याच्या अहवालांत शेतसारा, कापसाचे पडलेले भाव, मुदतीचा कायदा यांच्याबरोबरच न्यायालयांचें नांव आलें. कुळांवर दावा होई, समन्स पोंचे न पोंचे, कुळ भीतीनें किंवा अडाणीपणानें हजर राहत नसे. न्यायाधीश खतावरचा अंगठा पाही आणि एकतर्फी हुकूमनामा देई. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळें सावकार दर तीन वर्षांनीं व्याज मुदलांत मिळवून नवें खत लिहून घेई. मूळ दिलें किती, फिटलें किती, हें विचारण्याची न्यायाधीशास गरज वाटत नसे.

हे न्यायाधीश लांचखाऊ होते असें नव्हे. ते परीक्षा उतरलेले होते, कायद्याचीं कलमें त्यांस अवगत होतीं, आणि कलमाप्रमाणेंच ते वागत होते. परंतु समोरचा मनुष्य लिहूं-वाचूं जाणत नाहीं आणि ज्या कागदावर त्याचा अंगठा आहे त्याचा मजकूर दुसऱ्यानें लिहिला आहे, ही गोष्ट त्यांच्या शिक्षणांत कोठेंच आली नव्हती. लांच घेतल्यावांचूनहि अन्याय होऊं शकतो. कोरें ज्ञान हें त्याचें साधन होतें.

याचा उपाय १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें केला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. न्यायाधीशानें प्रतिवादीस शक्यतों स्वतः तपासावें. खताच्या पाठीमागें जाऊन व्यवहाराचा हिशेब पहिल्यापासून काढावा. कर्जासाठीं कैद नसावी. गांवोगांव खतें नोंदण्याची आणि तडजोड करण्याची सोय असावी, अशीं त्याचीं कलमें होतीं. त्यांत आणखी एक महत्त्वाची योजना होती. खालच्या न्यायालयांचें दप्तर तपासण्यासाठीं आणि चुकीचे निकाल दुरुस्त करण्यासाठीं एक विशेष न्यायाधीश नेमला गेला. रानडे १८८१ सालीं या तपासणीच्या कामावर आले, आणि १८८७ पासून १८९३ सालीं उच्च न्यायालयावर जाईपर्यंत स्वतःच विशेष न्यायाधीश होते. तालुक्यातालुक्यांतून फिरावें, निकालांचे कागद पाहावेत, मुन्सफाच्या चुका काढाव्यात आणि कायद्याचा हेतु त्याच्या मनावर ठसवावा, असें हें काम होतें. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या फिरतीचें वर्णन आलें आहे. न्यायाधीशांस कामावर असतां शिकविण्याची आज जी कल्पना निघाली आहे, तिचें बीज या दौऱ्यांत दिसतें. चार भिंतींच्या वर्गाऐवजीं येथें शिक्षकच विद्यार्थ्याच्या कचेरींत जात असे, आणि धडा पुस्तकांतला नसून कालच दिलेल्या निकालाचा असे.

वेतन आणि विद्या असूनहि नेमणुकीचें दार भ्रष्ट असलें म्हणजे काय होतें, हें १८८८ सालीं दिसलें. मध्य विभागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याचें नांव मुंबईच्या मंडईमुळें आजहि परिचित आहे. बदल्या व बढत्या यांसाठीं त्याच्या नांवावर हनमंतराव नांवाचा हस्तक मामलेदारांकडून पैसे घेतो, असा बोभाटा झाला. हस्तकास शिक्षा झाली. क्रॉफर्ड वेष पालटून पळाला आणि मुंबईस सांपडला. पुण्यास न्यायमूर्ति विल्सन यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें. लांच घेतल्याचे आरोप कमिशननें शाबीत धरले नाहींत, परंतु हाताखालच्या मुलखांत कर्जें काढल्याचें सिद्ध झालें, आणि शेवटीं भारतमंत्र्यानें त्यास नोकरींतून काढलें.

त्या प्रकरणाची खरी मख्खी मात्र मामलेदारांपाशीं होती. सरकारनें अभयवचन दिलें म्हणून त्यांनीं पैसे दिल्याचें कबूल केलें. आणि हे मामलेदार नुसते वसुली करणारे नव्हते. ते मॅजिस्ट्रेटहि होते! पैसे मोजून जागा मिळविल्याचें ज्यानें कबूल केलें, त्यानें उद्यां चोराचा न्याय करावयाचा काय, असा प्रश्न विलायतेंत पार्लमेंटांतहि निघाला. इकडे अभयवचन मोडणें हा विश्वासघात होय, म्हणून लोकमान्य टिळकांनीं मामलेदारांची बाजू घेतली. १८८९ सालीं त्यांस संरक्षण देणारा कायदा झाला, परंतु आपण होऊन पैसे देणाऱ्या कांहींना काढण्यांत आलें. या मामलेदारांनीं खात्याच्या परीक्षा दिल्या होत्या. परंतु वरिष्ठाच्या मर्जीवर ज्याची बदली टांगलेली आहे, त्याच्या परीक्षेचा प्रजेस उपयोग काय? वसुली, अंमल आणि न्याय हीं तीन कामें एका हातांत असूं नयेत, ही मागणी त्या काळीं काँग्रेसच्या ठरावांतून वर्षानुवर्षे होत राहिली, तिच्या मुळाशीं असले अनुभव होते.

न्यायाधीशाप्रमाणें वकीलहि घडवावा लागतो. कारण न्यायाधीश बहुधा त्याच वर्गांतून येतो, आणि लांच द्यावयाची झाल्यास तिचा मार्गहि पुष्कळदां त्याच दारावरून जातो. पुण्यास १९२४ सालीं इंडियन लॉ सोसायटीचें कायदा महाविद्यालय निघालें. कायद्याचें दार स्त्रियांस १९२३ च्या कायद्यानें उघडलें. त्यासाठीं झगडणाऱ्या कॉर्नेलिया सोराबजी या नाशिकच्या. मुंबईच्या सरकारी कायदा महाविद्यालयांत डॉ. भीमराव आंबेडकर प्रथम अध्यापक आणि १९३५ पासून प्राचार्य होते. कायद्याच्या शिक्षणांतील सुधारणेविषयीं त्यांनीं १९३६ सालीं एक लेख लिहिला. वकिलास कायद्याचीं मूलतत्त्वें कळलीं पाहिजेत, सामान्य ज्ञानाची पक्की बैठक पाहिजे, विषय क्रमवार मांडतां आला पाहिजे आणि वस्तुस्थिति सांगतांना त्यानें सत्यास धरून राहिलें पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. सुप्याच्या दंग्यानें जो धडा दिला होता, तोच येथें अध्यापकाच्या भाषेंत आलेला दिसतो.

स्वातंत्र्यानंतर या तुटक धाग्यांचा दोर वळण्यास सुरुवात झाली. राज्यघटनेच्या २३५ व्या कलमानें खालच्या न्यायालयांवरील ताबा उच्च न्यायालयाकडे दिला. म्हणजे न्यायाधीशाची बदली कमिशनरच्या दिवाणखान्यांत ठरण्याचें बंद झालें. मुंबई राज्यानें १९५१ सालीं न्याय आणि अंमल यांची फारकत करणारा कायदा केला. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगानें १९५८ सालीं न्यायव्यवस्थेचें सांगोपांग परीक्षण केलें, आणि कायद्याच्या शिक्षणाच्या हलक्या दर्जाबद्दल कडक शब्द वापरले. त्याच आयोगाचा ११७ वा अहवाल १९८६ सालीं निघाला; तो सबंध न्यायाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणावरच होता.

यानंतर एक वाद उभा राहिला. न्यायाधीश होण्यापूर्वीं वकिली केलेली असावी कीं नाहीं? सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालीं तीन वर्षांच्या वकिलीची अट घातली. न्यायमूर्ति जगन्नाथ शेट्टी आयोगाच्या शिफारशी पाहून २००२ सालीं ती काढली, आणि हुशार तरुण सरळ यावेत, पण त्यांस निदान एक वर्षाचें प्रशिक्षण मिळावें, असें ठरविलें. भोपाळ येथील राष्ट्रीय न्यायिक अकादमीच्या वास्तूचें उद्घाटन त्याच वर्षीं ५ सप्टेंबर रोजीं राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या हस्तें झालें. मुंबईजवळ उत्तन येथें महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. वकिलांस २०११ पासून अखिल भारतीय परीक्षाहि द्यावी लागते. तेवीस वर्षांच्या अनुभवानंतर, २० मे २०२५ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा बसविली, आणि न्यायासनावर बसण्यापूर्वींचें वर्षभराचें प्रशिक्षणहि कायम ठेवलें. पुस्तकी तयारी आणि कचेरीचा अनुभव यांतील एक निवडा, असा प्रश्नच चुकीचा होता, हें यावरून उमगतें.

प्रशिक्षणानें लांच बंद होते काय? सरळ उत्तर असें कीं, एकट्या प्रशिक्षणानें होत नाहीं. ज्याचें मन लोभी आहे, त्यास विद्या दिली तर तो लांच अधिक चतुराईनें घेईल. त्याच्यासाठीं शिक्षेचा कायदा आहे. १९४७ चा होता आणि १९८८ पासून नवा आहे. परंतु न्यायखात्यांतील बहुतेक माणसें लोभीहि नसतात आणि संतहि नसतात. ज्यास कायदा पक्का येत नाहीं, तो कारकुनाच्या आधारानें चालतो. आणि जेथें कारकून न्यायाधीशास चालवितो, तेथें कारकुनाचा भाव वाढतो. ज्यास निकाल लिहितां येत नाहीं, तो तारखा देतो. आणि प्रत्येक तारखेबरोबर पक्षकाराचा एक दिवसाचा रोजगार, भाडें आणि वकिलाची फी जाते. अशा अज्ञानाच्या आणि दिरंगाईच्या ओलींतच लांचेचें बीं रुजतें. निकालाचें कारण स्पष्ट शब्दांत लिहावयास शिकविलेला न्यायाधीश लांच घेण्यास कचरतो. कारण खोट्या निकालाचें कारण लिहितांना हात अडखळतो, आणि वरचें न्यायालय तो अडखळलेला हात ओळखतें.

म्हणून श्रोत्यांनीं अकादमीची इमारत किती भव्य, अभ्यासक्रम किती दिवसांचा, एवढेंच विचारून समाधान मानूं नये. तेथून शिकून गेलेला न्यायाधीश तालुक्याच्या गांवीं बसल्यावर समोरच्या अडाणी माणसास स्वतः प्रश्न विचारतो कीं नाहीं. त्याच्या कामाची तपासणी कोणी जाणता मनुष्य नियमानें करतो कीं नाहीं. त्याची बदली गुणावर ठरते कीं ओळखीवर, हें विचारावें. सुप्याच्या बाजारांत ज्यांनीं खतें जाळलीं, त्यांस कायदा नको होता असें नाहीं. त्यांचें म्हणणें ऐकून घेणारा न्यायाधीश त्यांस हवा होता. तो घडवितां येतो, हें चार जिल्ह्यांतील त्या तपासणीनें एकदां दाखवून दिलें आहे. तो घडवीत राहणें हें मात्र एका पिढीचें काम नव्हे.